निळ्या खुर्चीतली मुलगी

‘पाय खाली घे.’ ‘फ्रॉक नीट कर.’ ‘मुलीच्या जातीनं असं पसरून बसू नये.’ मैत्रिणींनो, ही वाक्यं लहानपणी ऐकली नाहीत अशी आपल्यातली एखादी तरी असेल का? घरात पाहुणे आले की सूचनांचा भडिमार. आणि फोटो काढायचा असेल तर वर आणखी एक, ‘जरा हसरा चेहरा कर की!’ मुलीनं कसं बसायचं, कसं दिसायचं, हे ती शाळेत जायच्या आधीच ठरलेलं असतं.

आज मला एका अशा मुलीबद्दल लिहायचं आहे, जिला हे कुणीही सांगितलेलं नाही. ती आहे एका चित्रात, आणि ते चित्र आहे अमेरिकेत, वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमध्ये. जवळजवळ तीन फूट उंच आणि सव्वाचार फूट रुंद. नाव अगदी साधं, ‘लिटल गर्ल इन अ ब्लू आर्मचेअर’. निळ्या खुर्चीतली लहान मुलगी. साल १८७८. चित्रकार मेरी कॅसॅट.

चित्रात दिवाणखान्यातल्या चार मोठ्या, गुबगुबीत, निळ्या खुर्च्या आहेत. त्यातल्या एकीत पाच-सहा वर्षांची वाटणारी एक मुलगी चक्क लोळतेय. पांढरा फ्रॉक, कमरेला रंगीत चौकड्यांचा रुंद पट्टा, तसल्याच चौकड्यांचे मोजे, केसात बो. म्हणजे कुणीतरी तिला छान नटवून बसवलंय. पण ती कंटाळलीये! एक हात डोक्यामागे, पाय फाकलेले, फ्रॉक वर गेलेला. चेहऱ्यावर हसू नाही, लाज नाही, कुणाला खूश करायची धडपडही नाही. नजर खाली कुठंतरी लागलेली. शेजारच्या खुर्चीत एक छोटं कुत्रं गाढ झोपलंय.

बस्स, एवढंच चित्र. पण थोडा वेळ बघत राहिलं की एक गोष्ट लक्षात येते. चित्रकर्ती या मुलीकडे मोठ्या माणसासारखी वरून बघत नाहीये. ती खाली बसलीये, जवळपास त्या मुलीच्याच उंचीवर. म्हणून त्या खुर्च्या एवढ्या अवाढव्य दिसतात आणि दिवाणखाना संपता संपत नाही. मोठ्यांच्या जगात एखाद्या दुपारी अडकून पडलेल्या लहान मुलाला घर जसं दिसत असेल ना, अगदी तसं! त्या काळी श्रीमंत घरांतल्या मुलांची चित्रं काढून घ्यायची मोठी पद्धत होती. हातात फुलं, गालांवर गुलाबी छटा, गोड हसू. मुलगी म्हणजे घराची शोभा. इथं मात्र ती शोभेची वस्तू नाही. तिला तिचं स्वतःचं मन आहे, आणि या क्षणी ते मन कंटाळलेलं आहे.

मेरीनं हे चित्र १८७८ च्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात अमेरिकन विभागासाठी पाठवलं, आणि ते नाकारलं गेलं. पुढं पंचवीस वर्षांनी, १९०३ मध्ये, चित्रांचे व्यापारी आंब्रुआझ व्होलार यांना लिहिलेल्या पत्रात तिनं ही हकीकत सांगितली आहे. परीक्षक तिघे होते आणि त्यातला एक तर औषधविक्या होता, हे ती लिहायला विसरलेली नाही! याच पत्रात तिनं आणखी एक गोष्ट सरळ सांगून टाकली. ही मुलगी तिचे मित्र, प्रसिद्ध चित्रकार एडगर देगा, यांच्या स्नेह्यांची. चित्रातली मुलगी आणि खुर्ची मेरीनं रंगवली, ती देगांना आवडली, पार्श्वभूमीबद्दल त्यांनी सल्ला दिला आणि तिथं स्वतः थोडं कामही केलं. मिळालेली मदत लपवायची नाही आणि आपलं श्रेयही सोडायचं नाही. आपल्याकडे बायकांना यातली दुसरी गोष्ट अजून नीट जमत नाही, असं मला नेहमी वाटतं.

कोण होती ही मेरी? तिचा जन्म २२ मे १८४४ चा, पेन्सिल्व्हेनिया राज्यातल्या अॅलेगेनी सिटीचा. हे गाव आता पिट्सबर्ग शहराचा भाग आहे. ती चार वर्षांची असताना, १८४८ मध्ये, न्यूयॉर्क राज्यात सेनेका फॉल्स या गावी बायकांनी परिषद भरवून मताधिकाराची मागणी केली. म्हणजे ही चळवळ आणि ही मुलगी जवळपास बरोबरीनंच वाढल्या म्हणायच्या. घर खात्यापित्या लोकांचं. मुलीनं थोडं चित्र काढावं, पियानो वाजवावा, याला कुणाची हरकत नव्हती. पण चित्रकला हाच व्यवसाय करायचा म्हटल्यावर वडील नाराज झाले.

तरी ती फिलाडेल्फियाच्या पेन्सिल्व्हेनिया अकादमीत शिकली. तिथं त्या वेळी मुलींना जिवंत मॉडेलवरून मानवी देह काढू देत नसत, प्लास्टरचे पुतळे बघून काढायचे. पुढं ती पॅरिसला गेली, तर तिथल्या सरकारी कलाशाळेचं, एकोल दे बोझारचं, दार बायकांना बंदच. ते उघडलं थेट १८९७ मध्ये. मग खासगी शिकवणी लावायची आणि लूव्र संग्रहालयात बसून जुन्या चित्रांच्या नकला करायच्या. पुरुष चित्रकार संध्याकाळी कॅफेत जमत, वाद घालत, एकमेकांकडून शिकत. चांगल्या घरच्या बाईनं तिथं जाणं शिष्टसंमत नव्हतं. १८७७ मध्ये देगांनी तिला इम्प्रेशनिस्ट मंडळींबरोबर चित्रं मांडायचं आमंत्रण दिलं आणि १८७९ च्या त्यांच्या प्रदर्शनात ती सामील झाली. त्या गटात सामील झालेली ती एकटीच अमेरिकन.

त्याच सुमारास आई, वडील आणि मोठी बहीण लिडिया कायमचे पॅरिसला राहायला आले. वडिलांनी अट घातली, स्टुडिओचा खर्च चित्रं विकूनच भागवायचा. लिडिया आजारी असायची, आईचीही तब्येत नाजूक. दोघींची शुश्रूषा मेरीकडेच. १८८२ मध्ये लिडिया गेली. लग्न न केलेल्या मुलीवर घरच्या आजारपणांची जबाबदारी आपोआप येऊन पडते, हे काही फक्त आपल्याकडचं नाही! त्या काळात महिनोन् महिने तिच्या कामात खंड पडत असे.

आता प्रश्न येतो तिच्या विषयांचा. मेरी कॅसॅट म्हटलं की आया आणि मुलं, हे समीकरण ठरून गेलंय. यावरून तिला दोन्ही बाजूंनी बोलणी खावी लागली. काही म्हणत, हिला कुठं मूल आहे, हिला काय कळणार आईपण? आणि काही म्हणत, बाईमाणूस, दुसरं काय काढणार! पण तिची चित्रं पाहिली की दोन्ही आक्षेप गळून पडतात.

शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये तिचं १८९३ चं ‘द चाइल्ड्स बाथ’ आहे. पट्ट्यापट्ट्यांचा झगा घातलेली एक बाई मुलीला मांडीवर घेऊन तिचा पाय घंगाळातल्या पाण्यात धुतेय. बाजूला पाण्याचा मोठा जग. तीन वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये भरलेलं जपानी छापचित्रांचं प्रदर्शन तिनं पाहिलं होतं. वरून टाकलेली नजर, सपाट रंग, ठसठशीत नक्षी, हे सगळं तिथून आलेलं. पण मला त्यात सगळ्यात महत्त्वाचे वाटतात ते हात. एक हात मुलीच्या कमरेला घट्ट धरून, दुसरा पायावर. ती बाई मुलीला कुरवाळत नाहीये, काम करतेय. मूल निसटू नये, पाणी सांडू नये, पाय स्वच्छ व्हावा, यावर तिचं लक्ष आहे. त्या दोघींपैकी कुणीही आपल्याकडे बघत नाही. दोघींची नजर त्या पाण्याकडे.

रोज सकाळी मुलांना आंघोळ घालणाऱ्या बाईला हे चित्र समजावून सांगावं लागत नाही. धरायचं किती घट्ट आणि किती सैल, हे हातांनाच माहीत असतं. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातल्या १९०० सालच्या ‘यंग मदर सोइंग’ या चित्रातली आई शिवतेय आणि मुलगी तिच्या मांडीवर रेलून सरळ आपल्याकडे बघतेय. हातातलं काम चालू आणि अंगावर मूल. यातली गंमत अशी, की चित्रातल्या दोघी खऱ्या मायलेकी नाहीतच! मेरीनं एकमेकींच्या कुणी नसलेल्या दोन मॉडेल घेतल्या होत्या. म्हणजे ती रक्ताचं नातं रंगवत नव्हती, सांभाळण्याचं काम रंगवत होती. ते कष्टाचं आहे, कौशल्याचं आहे आणि मोठ्या कॅनव्हासवर मांडण्याच्या योग्यतेचं आहे, एवढंच तिचं म्हणणं.

याच १८९३ साली शिकागोत मोठं जागतिक प्रदर्शन भरलं होतं. त्यात बायकांच्या कामासाठी एक स्वतंत्र इमारत होती, तिचा आराखडाही सोफिया हेडन या बाईनंच केलेला. तिथल्या भिंतीवर लावण्यासाठी मेरीनं ‘मॉडर्न वुमन’ नावाचं प्रचंड चित्र काढलं. मधल्या भागात तरुण मुली आणि बायका बागेत ज्ञानाची फळं तोडताहेत, हा विषय. बायबलच्या कथेत ज्ञानाचं फळ तोडलं म्हणून ईव्हला शिक्षा झाली. मेरीच्या बागेत मात्र मोठ्या बायका फळं तोडून लहान मुलींच्या हातात देताहेत, आणि कुणालाही शिक्षा होत नाहीये! चित्रात एकही पुरुष का नाही, अशी विचारणा झाली. त्यावर तिचं म्हणणं असं की, पुरुषांची चित्रं बाकीच्या इमारतींच्या भिंतींवर आहेतच की. प्रदर्शन संपल्यावर हे चित्र गहाळ झालं. आज त्याचे फक्त फोटो उरले आहेत.

याच वर्षी न्यूझीलंडच्या बायकांना मताचा हक्क मिळाला. अमेरिकेत मात्र लढा लांबत चालला होता. विरोधकांचा सगळ्यात आवडता मुद्दा कोणता, माहितीये? मुलं! बाई मत द्यायला गेली तर मुलांना कोण बघणार? १९०९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये याच आशयाची रंगीत पोस्टकार्डं छापली गेली. त्यातल्या एकावर एक बिचारा नवरा तान्ह्या बाळाला बाटलीनं दूध पाजतोय आणि मागची थाळी त्याच्या डोक्याभोवती देवाच्या प्रभावळीसारखी दिसतेय. नाव काय, तर ‘सफ्रेजेट मॅडोना’! बापानं बाळाला दूध पाजणं हा त्या काळी विनोदाचा विषय होता. म्हणजे मूल आणि मत, दोन्हीपैकी एकच काहीतरी निवडा, असा तो सगळा मामला.

आणि इथंच मेरी कॅसॅटच्या चित्रांची खरी गोष्ट सुरू होते.

तिची एक जिवलग मैत्रीण होती, लुईझीन हॅवमायर. लुईझीन अगदी तरुण होती तेव्हा मेरीच्या सांगण्यावरून तिनं देगांचं एक चित्र विकत घेतलं होतं, पाचशे फ्रँकला. त्यासाठी तिला बहिणींचे खाऊचे पैसेसुद्धा जमवावे लागले होते! पुढं साखर कारखानदाराशी लग्न झालं, पैसा आला आणि मेरीच्या सल्ल्यानं तिनं अमेरिकेतला एक मोठा चित्रसंग्रह उभा केला. नवरा गेल्यावर लुईझीन मताधिकाराच्या चळवळीत उतरली. मेरीनंच तिला या कामात पड, यात उद्याचं भलं आहे, असं सांगितलं होतं.

एप्रिल १९१५ मध्ये लुईझीननं न्यूयॉर्कच्या नोडलर गॅलरीत चित्रप्रदर्शन भरवलं. एका बाजूला रेम्ब्रांसारख्या जुन्या युरोपीय दिग्गजांची चित्रं, दुसऱ्या बाजूला देगा आणि मेरी कॅसॅट. प्रवेशाचे पैसे स्त्री मताधिकाराच्या चळवळीसाठी. लुईझीननं स्वतः उभं राहून भाषण केलं. मेरी तेव्हा सत्तरीत, फ्रान्समध्ये, मधुमेहानं ग्रासलेली. मोतीबिंदूमुळं दृष्टी जवळजवळ गेलेली, चित्र काढणं थांबलेलं. पण तिची आई-मुलांची चित्रं न्यूयॉर्कच्या भिंतीवर टांगलेली होती आणि मतासाठी पैसा उभा करत होती.

जरा विचार करा. विरोधक म्हणत होते, मुलं सांभाळायची म्हणून बाईला मत नको. आणि इकडे त्याच मुलांना न्हाऊ घालणाऱ्या, मांडीवर घेणाऱ्या बायकांची चित्रं म्हणत होती, मुलं सांभाळते म्हणूनच हवं! जी बाई उद्याची पिढी हातांनी घडवते, तिला त्या पिढीच्या शाळा, पाणी, कायदे याबद्दल बोलायचा हक्क नको? चित्रांखाली घोषणा लिहायची गरजच पडली नाही.

हे सगळ्यांना रुचलं असं नाही. ज्यांना मताधिकार नको होता, अशा काही श्रीमंतांनी पाठ फिरवली. फिलाडेल्फियाच्या प्रतिष्ठित मंडळींनी बहिष्कार टाकला, आणि त्यात मेरीची सख्खी भावजयही होती! मेरीनं मग काय केलं? वारसांसाठी ठेवलेली आपली चित्रं तिनं विकायला काढली. नात्यातला अबोला आपल्याला नवा नाही, पण तत्त्वासाठी तो पत्करणारी बाई विरळाच. तशी ती पहिल्यापासूनच तत्त्वाला पक्की. १९०४ मध्ये पेन्सिल्व्हेनिया अकादमीनं, म्हणजे तिच्या जुन्या कलाशाळेनंच, तिला पारितोषिक दिलं, तेव्हा ‘परीक्षक नकोत आणि पारितोषिकंही नकोत’ या आपल्या गटाच्या भूमिकेला जागून तिनं ते नाकारलं होतं.

त्याच वर्षी, नोव्हेंबर १९१५ मध्ये, न्यूयॉर्क राज्यात मताधिकाराचा ठराव मतदानात पडला. मत देणारे अर्थात सगळे पुरुष! दोन वर्षांनी तो मंजूर झाला. १९१९ मध्ये लुईझीननं व्हाइट हाऊससमोरच्या निदर्शनात भाग घेतला आणि अटक करून घेतली. वय त्रेसष्ट, नातवंडांची आजी! अखेर ऑगस्ट १९२० मध्ये अमेरिकेच्या राज्यघटनेतल्या एकोणिसाव्या दुरुस्तीनं बायकांना देशभर मताधिकार मिळाला. अर्थात दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय बायकांना त्यासाठी पुढं कित्येक दशकं झगडावं लागलं. मेरी १४ जून १९२६ रोजी फ्रान्समध्ये वारली. ज्या देशात तिनं जवळजवळ सारी हयात काढली, त्या फ्रान्सनं आपल्या बायकांना मत दिलं १९४४ मध्ये.

या गोष्टीतली फिलाडेल्फिया आपल्याला अनोळखी नाही बरं का. मार्च १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी याच शहरात डॉक्टर झाल्या आणि त्यांचा पदवीदान समारंभ पाहायला पंडिता रमाबाई मुद्दाम तिथं गेल्या. पुढं रमाबाईंनी अमेरिकेवर मराठीत पुस्तक लिहिलं, १८८९ मध्ये. त्यात तिथल्या स्त्रियांच्या स्थितीवर, त्यांच्या संघटनांवर त्यांनी भरभरून लिहिलंय. म्हणजे अमेरिकन बायकांच्या या धडपडीची खबर मराठी वाचणाऱ्या बाईपर्यंत एकोणिसाव्या शतकातच पोचली होती. आणि १९२१ मध्ये मुंबई प्रांतात बायकांवरची मतदानाची बंदी उठली, तेव्हा मालमत्तेच्या अटीमुळं मोजक्याच बायकांना तो हक्क मिळाला खरा, पण त्यामागे रमाबाई रानडे आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांची खटपट होती. आपलं मतही कुणी आयतं ओंजळीत टाकलेलं नाही.

आता मत आहे. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागाही बायकांना आहेत. पण ‘मुलांचं कोण बघणार?’ हा प्रश्न काही गेलेला नाही. बचत गटांच्या बैठकांना, प्रशिक्षणांना बायका कडेवर मूल घेऊन येतात. मूल रडलं की पुढं बसलेल्या साहेबांच्या कपाळाला आठ्या. ‘पोरांना घरी ठेवून येत जा’, हे वाक्य मी किती ठिकाणी ऐकलंय! कुणाकडे ठेवून यायचं, हे कुणी सांगत नाही. आणि तोच प्रश्न बैठकीला आलेल्या बापाला कधी विचारला जात नाही. माझं म्हणणं एवढंच आहे, की प्रश्न बाईला विचारायचं थांबवा आणि व्यवस्थेला विचारा. ग्रामसभा असो, प्रशिक्षण असो, शेजारच्या खोलीत एक सतरंजी, चार खेळणी आणि मुलांकडे बघणारी एक व्यक्ती, एवढी सोय करायला काही फार मोठा निधी लागत नाही. मुलं सांभाळणं हे काम आहे, हे एकदा मान्य केलं की त्याची सोय करणंही ओघानंच येतं.

आणि सुरुवात घरापासूनही करता येईल. एखाद्या दुपारी आपल्या घरातल्या लेकीला, नातीला, भाचीला जवळ घ्या आणि ते निळ्या खुर्चीचं चित्र दाखवा. आजकाल मोबाइलवर ते सहज सापडतं. ‘बघ कशी बसलीये’ असं म्हणू नका. फक्त विचारा, ‘ही मुलगी कसला विचार करत असेल गं?’ मग ती जे काही सांगेल, ते मध्ये न बोलता शेवटपर्यंत ऐकून घ्या.